एका दमात

बारामती सोडून पालखी मार्गानं इंदापूरकडे निघालं, की दोन्ही अंगांना अर्ध्यावर थांबलेली घरं दिसत राहतात. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी, कुठंही बघा. कुठं नुसतं जोतं, त्यावर मका वाळत टाकलेला. कुठं कॉलम उभे आणि त्यांच्या डोक्यावर गंजक्या सळया. कुठं भिंती लिंटेलपर्यंत येऊन थांबल्यात, खिडक्यांच्या भोकांत पोती कोंबलीत, आत कडबा भरलाय. शहरातून आलेल्या पाहुण्याला वाटतं, इथं भाऊबंदकी लागली असणार. बहुतेक वेळा तसलं काही नसतं. मालक उसाच्या बिलाची वाट बघत असतो.

या पट्ट्यातलं घर बिलाबिलानं वर चढतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. ज्याचा ऊस ज्या कारखान्याला, त्याच्या घराची गती त्या कारखान्याच्या लेखापालाच्या हातात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात पहिली उचल येते, मग उन्हाळ्यात खोडक्याचं नाहीतर कांड्याचं बिल, आणि दिवाळीच्या तोंडावर अंतिम दराचा फरक. पहिल्या उचलीत खड्डे आणि फुटिंग उरकतं. कांडेबिलात जोतं भरून होतं. फरकाच्या पैशात कॉलम आणि वीटकाम. मध्ये एखादं लग्न निघालं, बोअर आटला किंवा म्हैस मेली, की घर एक हंगाम मागं सरकतं आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नाही. जोत्याला खायला लागत नाही. कॉलम पाच वर्षं उभा राहिला तरी भाडं मागत नाही.

हे सगळं चालतं ते स्लॅबपर्यंत. स्लॅब हप्त्यानं टाकता येत नाही.

घरबांधणीतलं हे एकच काम असं, की सुरू केल्यावर पुरं करूनच उतरायचं. काँक्रीट एकदा ओतायला घेतलं की ते थांबत नाही. आज निम्मा आणि पुढच्या बिलात निम्मा स्लॅब टाकला, तर जुन्या आणि नव्या काँक्रीटच्या मध्ये सांधा राहतो आणि पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात पाणी त्या सांध्याचा पत्ता बरोबर शोधून काढतं. त्यामुळं पैसा, माणसं, पाणी, वाळू आणि कोरडं आभाळ हे सगळं एका दिवशी एका जागी जमवावं लागतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं करायची सवय लागलेल्या माणसाला हे अवघड जातं. म्हणून घर अडतं ते बहुतेक वेळा स्लॅबच्या खाली. या भागात ‘घर कुठवर आलं?’ असं विचारल्यावर ‘स्लॅब झाला’ असं उत्तर मिळालं, की विचारणारा पुढं काही विचारत नाही. गिलावा, फरशी, रंग, दारं-खिडक्या, सगळं बाकी असतं. तरी घर झालं असं धरतात.

आकडे बघितले की ही धास्ती कळते. हजार चौरस फुटांचं साधं घर, पाच इंची स्लॅब. नुसत्या स्लॅबचं काँक्रीट सव्वाचारशे घनफूट, म्हणजे बारा घनमीटरच्या आसपास. एम-२० प्रतीचं, अर्थात एकास दीड आणि तीन या प्रमाणात, धरलं तर पंचाण्णव पोती सिमेंट लागतं. बीम धरले की सव्वाशेच्या पुढं. वाळू दोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास, सळई टनभर. शिवाय सेंट्रिंग, मिक्सर, टोळी, डिझेल, जेवण. दीड-दोन लाख रुपये एका दिवसात हातावेगळे होतात. २०२३-२४ च्या हंगामाला माळेगावनं टनाला ३,६३६ रुपये असा उच्चांकी दर जाहीर केला होता. त्या दरानं एकरी चाळीस टनांच्या उसाचे सगळे पैसे धरले, खत-मजुरी काही वजा केलं नाही, तरी सव्वा एकराचं पीक त्या दिवशी मिक्सरमध्ये जातं. आणि हा दर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

दुसरा आकडा वजनाचा. बारा घनमीटर ओलं काँक्रीट म्हणजे तीस टन. हे तीस टन पहिले काही दिवस स्वतःच्या बळावर उभंच नसतं. ते खालच्या टेकूंवर, म्हणजे बल्ल्या, लोखंडी जॅक आणि पाचरींवर निजलेलं असतं. बांधकामावरचे स्लॅबचे अपघात बहुतेक याच काळात होतात. टेकू पोकळ भरावावर उभे केलेले असतात, आडवे पट्टे मारायचे राहिलेले असतात, नाहीतर घाईत सगळा माल एकाच जागी ओतून ढीग केलेला असतो. आपल्याकडं जमीन काळी. पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. घराचा पाया मुरमाला टेकवलेला असतो, पण टेकू उभे राहतात खोलीतल्या भरावावर. तो नीट चोपलेला नसला आणि वर काँक्रीटचं पाणी गळत राहिलं, की एखादा टेकू बोटभर खचतो. तेवढ्यानं स्लॅबला कायमचा पोट आल्यासारखा झोल राहतो.

सणसरच्या अलीकडं, कालव्याच्या अंगाला एका वस्तीवर २०२५ च्या चैत्रात असा एक स्लॅब पडताना मी दिवसभर उभा राहून पाहिला. घरमालकाला सगळी वस्ती आण्णा म्हणते. दोन भावांत मिळून पाच एकर, त्यात तीन एकर ऊस. आधीचं घर पत्र्याचं, त्याच्या आधीचं पाचटाच्या छपराचं. जोतं होऊन चार वर्षं झालेली.

स्लॅबच्या दिवसाचा मुहूर्त दोन माणसं काढतात. मालक पंचांग बघतो, मिस्त्री हवामानाचा अंदाज बघतो. अमावास्या टळली पाहिजे, ही आईची अट. सोमवार नको, ही टोळीची. कारण सोमवारी मटण होत नाही. शेतीपंपाच्या लाइटीला पाळी असते, म्हणून मिक्सर डिझेलवरचा. सगळ्यांचं ऐकून शेवटी गुरुवार ठरला आणि तो आईचाच उपवासाचा निघाला, मग मटण रात्रीवर आणि दुपारी जिलेबी-भजी असा तह झाला.

खरं काम आदल्या संध्याकाळी असतं. इंजिनिअर त्याच वेळी येऊन जातो. जाळी बांधून झालेली असते, प्लेटांना जळकं ऑइल फासलेलं असतं, फटींवर टेप आणि कागद चिकटवलेला असतो. आण्णांच्या स्लॅबवर मिस्त्रींनी मला वर नेऊन दाखवलं ते डोक्यात पक्कं बसलं. खोलीच्या मध्यावर सळई तळाशी असते, बीमजवळ आली की ती वळण घेऊन वर चढते. स्लॅब मध्ये लोंबकळायला बघतो, त्यामुळं तिथं ताण खालच्या अंगाला पडतो. बीमवर मात्र तो उलटा वाकतो आणि ताण वरच्या अंगाला जातो. काँक्रीट दाब कितीही सोसतं, ताणाला लगेच हार खातं. म्हणून जिथं ताण तिथं लोखंड. एवढंच आरसीसीचं गुपित. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्यानं १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं, त्या कल्पनेचं हे पुढचं रूप.

“गॅलरीचं लोखंड वर पाहिजे,” मिस्त्री म्हणाले. “माल टाकताना पोरं त्यावर नाचत्यात, सळई तळाला जाती. आन् मग गॅलरी दिसायला ठीक दिसती, पण कधी निखळंल सांगता येत नाही.” त्यासाठी वरच्या सळयांखाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या ठेवतात. खालच्या सळया प्लेटांना चिकटू नयेत म्हणून सिमेंटचे छोटे ठोकळे. वीस मिलिमीटरचं हे अंतर राहिलं नाही, तर लोखंड हवेला भिडतं, गंजून फुगतं आणि खालची खपली पडते. जुन्या इमारतींच्या छताला उघड्या पडलेल्या सळया दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी या अर्ध्या रुपयाच्या ठोकळ्याचा आळस केलेला असतो.

सकाळी टोळी आली ती पिकअपमधून, बारामतीच्या मजूर अड्ड्यावरून. पुरुष जितके, जवळपास तितक्याच बाया. मिक्सर रात्रीच ट्रॅक्टरमागं येऊन उभा होता. आण्णांच्या आईनं मिक्सरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पहिलं घमेलं जोडीनं वर नेऊन ओतायचं ते आण्णा आणि वहिनींनी ओतलं. त्यानंतर पूजेला कुणी विचारलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि जिन्याकडं मागं सरकत यायचं, नाहीतर शेवटी माणसं वर अडकतात. खाली दोघी जणी खडी भरतात, दोघी वाळू, एक जण पोतं फोडतो, एक जण पाणी सोडतो. एका पोत्याचा घाणा फिरतो, लिफ्टनं वर जातो, लोखंडी गाडीनं पुढं नेतात, फावड्यानं पसरतात, व्हायब्रेटरची सुई घालतात, मागून पट्टी ओढत येते. माणसांची ही साखळी दिवसभर तुटत नाही. बोलायलाही कुणाला उसंत नसते. इशारे चालतात.

सगळ्यात जास्त भांडण पाण्यावरून होतं. टोळीला माल पातळ हवा असतो, कारण पातळ माल आपोआप पसरतो. मिस्त्रीला तो घट्ट हवा असतो. एम-२० ला पाण्याची मर्यादा सिमेंटच्या वजनाच्या पंचावन्न टक्के, म्हणजे पोत्याला साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही धरायचं. वर जे ओतलं जातं ते पुढं उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. मिस्त्री वरून ओरडले, “ए पाणीवाले दाजी, काँक्रीट टाकायचंय, आमटी न्हाई.” दाजींनी हात वर करून कबूल केलं आणि पुढच्या घाण्याला पुन्हा बादली थोडी जास्तच कलती केली. हे दिवसभर चाललं.

अकराच्या सुमाराला मिक्सरचा पट्टा तुटला.

स्लॅबच्या दिवशी पट्टा तुटणं काय असतं, हे त्या वस्तीवरच्या शांततेवरून कळलं. व्हायब्रेटर बंद झाला, गाडी थांबली, सगळे खाली बघायला लागले. चैत्रातलं ऊन. भारतीय मानकाप्रमाणं सिमेंटचा प्राथमिक घट्ट होण्याचा काळ तीस मिनिटांपेक्षा कमी असून चालत नाही. बाजारातलं सिमेंट त्याहून जास्त अवधी देतं, पण असल्या उन्हात तो भराभर सरतो. पट्टा आणायला एक पोरगा गाडी घेऊन भवानीनगरकडं सुटला. इकडं मिस्त्रींनी दोन निर्णय घेतले. ओल्या काठावर भिजलेली पोती टाकली. आणि पट्टा मिळालाच नाही तर काम कुठं थांबवायचं ते खडूनं आखून ठेवलं. बीमवर थांबायचं नाही, गाळ्याच्या मधल्या भागात थांबायचं, कारण तिथं स्लॅबला कापू पाहणारं बल सगळ्यात कमी असतं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण अभियांत्रिकीचं पुस्तकही हेच सांगतं. आण्णा तोवर पिंपाच्या कडेला उकिडवे बसले होते. फोनवर कुणाला तरी सांगत होते, आलोच, थोडं काम निघालंय.

पट्टा आला. हातानं चार घाणे कालवून कडा जिवंत ठेवली होती, तिला नवा माल भिडला. पाचच्या आत जिना गाठला.

टोळीतल्या बायांशी जेवताना बोलणं झालं. त्यांचं पहिलं म्हणणं मजुरीबद्दल होतं, दुसरं नव्वद दिवसांच्या दाखल्याबद्दल. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंद करायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंद झाली की भांड्यांचा संच मिळतो, पोरांना शिष्यवृत्ती मिळते. पण ज्या टोळीला रोज नवा मालक, तिला दाखला कोण देणार? आणि ज्यातून हे मंडळ चालतं तो एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्यात दहा लाखांच्या आतल्या स्वतःच्या घराला लागूच नव्हता. गावाकडचं बरंचसं बांधकाम या दहा लाखांच्या आत बसायचं किंवा बसवलं जायचं. हजारो चौरस फूट स्लॅब डोक्यावरून वर नेलेल्या यातल्या कितीतरी बायांची स्वतःची घरं पत्र्याची आहेत. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

या भागात छत म्हणजे काय, याची कल्पना दोन-तीन पिढ्यांत पार बदललीय. इथं पाऊस जेमतेम, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. सह्याद्रीकडं उतरती कौलं, आणि इकडं पूर्वेला सपाट धाबी. लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडं, वर झाडपाला आणि पांढऱ्या मातीचा हातभर थर. पाऊसच कमी, म्हणून माती टिकायची. दरवर्षी मृगाच्या आधी वर माती टाकून दाबायची, गवत उपटायचं. उजेडाला छतात एक सवणं. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. ज्याची ऐपत नाही त्याचं छप्पर पाचटाचं. ऊस आल्यावर, म्हणजे नीरा डाव्या कालव्यामुळं, पाचटाला तोटा राहिला नाही.

धाब्यावरचा विश्वास उडायला कारणं बरीच झाली. लाकूड महागलं, माती टाकणारी माणसं राहिली नाहीत. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं, त्याचा धसका फार लांबवर बसला. तिथं माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरच्या मातीच्या जड छतांखाली. त्यानंतर आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनीही धाब्याकडं मान वर करून बघायला सुरुवात केली. आजची पिढी स्लॅबला ‘पक्कं’ म्हणते, त्या शब्दामागं ही भीतीही आहे.

इंदापूरच्या उत्तर अंगाला आणखी एक गोष्ट घडलेली. उजनी धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं, १९८० ला पुरं झालं आणि भीमेकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पळसदेव त्यातलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक होड्या करून बघायला जातात. मंदिर जागेवर राहिलं, घरं उचलून वर आली. उचलून हे अगदी अक्षरशः. तुळया, खांब, चौकटी, घडीव दगड बैलगाड्यांत घालून नव्या गावठाणात आणले आणि जमेल तसे पुन्हा उभे केले. त्या गावांत आजही एखाद्या घरात स्लॅबच्या खोलीला जुन्या सागवानाची चौकट बसवलेली सापडते. ज्यांनी एकदा आपलं छत स्वतःच्या हातानं उतरवलंय, त्यांना न उतरवता येणाऱ्या छताची ओढ का असेल, हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि गंमत अशी, की सिमेंट-काँक्रीटशी या तालुक्याचं नातं त्याहून जुनं आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली, त्यांचंच वालचंदनगर इंदापूर तालुक्यात आहे. तिथल्या कारखान्यात साखर कारखान्यांची आणि सिमेंट कारखान्यांचीही यंत्रं बनली. म्हणजे ज्या उसाचं बिल येतं तो गाळणारी यंत्रं आणि ज्या पोत्यांत ते बिल संपतं ती भरणारी यंत्रं, दोन्ही एकाच गावची.

वाळूचं मात्र विचारू नये. भीमेची वाळू एके काळी पुण्यापर्यंत जायची. उजनीच्या फुगवट्यातून बोटींनी वाळू उपसायची, महसूलच्या पथकानं छापा घालून जिलेटिननं बोटी उडवायच्या, महिन्याभरात नव्या बोटी यायच्या, हा खेळ इंदापूरकरांनी वर्षानुवर्षं पाहिलाय. २०२३ मध्ये सरकारनं डेपोतून सहाशे रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आणलं. एप्रिल २०२५ मध्ये धोरण पुन्हा बदललं, घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आणि कृत्रिम वाळूचा वापर वाढवायचा, असा रोख. आण्णांच्या स्लॅबला क्रश सँडच होती. मिस्त्रींची त्याबद्दल तक्रार नाही, नदीच्या वाळूत हल्ली गाळच जास्त येतो म्हणतात. त्यांची खरी काळजी पाण्याची. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणथळ आणि क्षारपड जमिनींची तक्रार शंभर वर्षं जुनी आहे. अशा विहिरीचं मचूळ पाणी काँक्रीटला वापरलं, की क्षार आतून सळई खातात. लोखंड असलेल्या काँक्रीटला लिटरमागं पाचशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. पाण्याची तपासणी तालुक्याच्या गावी करून मिळते, पण पाच एकरवाला शेतकरी मातीची तपासणी करतो, घराच्या पाण्याची करत नाही.

घरकुलाचं गणित आणखी निराळं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला सपाट भागात एक लाख वीस हजार रुपये मिळतात, वर रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार. २०२५ मध्ये राज्यानं पन्नास हजारांची भर घालायचं ठरवलं. घर किमान २६९ चौरस फुटांचं. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात बालेवाडीच्या कार्यक्रमात राज्यातल्या वीस लाख लाभार्थ्यांना एकदम मंजुरीपत्रं दिली गेली. कागद एकदम वाटता येतो. मिस्त्री, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि वाळू एकदम वाटता येत नाहीत. त्या उन्हाळ्यात सेंट्रिंगवाल्याचा फोन लागणं हेच मोठं काम झालं होतं. हप्ते टप्प्यांचे फोटो बघून येतात, प्रत्येक फोटोला जागेची खूण चिकटलेली. सरकारचे पैसे तुकड्यातुकड्यांनी येणार आणि स्लॅबला सगळे एकदम लागणार, ही मेख तिथंही आहेच. मग कुणी बचत गटातून उचलतं, कुणी दुकानदाराकडं सिमेंट उधार मागतं, आणि कुणी लिंटेलवर लोखंडी पाइप टाकून पत्रा ठोकून मोकळं होतं. या शेवटच्यांना मी दोष देणार नाही. पण टप्पे ठरवणाऱ्यांपैकी एकानं तरी एकदा स्लॅबच्या आदल्या रात्री घरमालकाजवळ बसायला हवं होतं, असं वाटतं.

त्या साली उन्हाळाही अर्ध्यावर संपला. इथं मे महिना स्लॅबचा. ऊसतोडणी उरकलेली, पोरांना सुट्टी, पाऊस जूनमध्ये. २०२५ ला मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच आभाळ फाटलं. २५ मे रोजी बारामती-इंदापूर पट्ट्यात धुवाधार पाऊस झाला आणि पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. पाणी रस्त्यावर, शेतांत, घरांत. दुसऱ्या दिवशी मान्सून मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. ज्यांचे स्लॅब आठ-पंधरा दिवसांपूर्वी पडले होते त्यांना देवानंच पाणी मारलं. ज्यांची जाळी बांधून तयार होती, त्यांच्या सळयांवर तांबूस गंज चढला, प्लेटांचं ऑइल धुऊन गेलं, भराव भिजला. आणि ज्यांनी ढग बघूनही मिक्सर बोलावला होता, त्यांच्या ओल्या स्लॅबवरून सिमेंटचं दूध वाहून गेलं, वर नुसती खडी उघडी पडली. हल्लीचे मिस्त्री प्लॅस्टिकचा मोठा कागद सोबत ठेवतात, पण असल्या वाऱ्यात तो धरायला टोळीइतकीच माणसं लागतात.

आण्णांचा स्लॅब चैत्रात झाल्यानं सुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कालवलेल्या मातीचे वरंबे घालून स्लॅबवर वाफे पाडले आणि पाइप सोडला. भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यावं तसं एकेक वाफा भरत त्या पुढं सरकायच्या. मानक सांगतं किमान सात दिवस, कोरड्या कडक हवेत किंवा राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस. मिस्त्रींनी एकवीस सांगितले. निम्मे तरी पाळतील, हा हिशेब. कालव्याचं आवर्तन बंद होतं, बोअर तासभर चालून दम टाकायचा. तेव्हा आधी जनावरं, मग स्लॅब, मग आंघोळी, असा क्रम घरात लागला.

सेंट्रिंग कधी खोलायचं, यावर मात्र रोज ओढाताण. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी, बीमखालचे चौदा ते एकवीस, असा मानकाचा दंडक. तोही साध्या सिमेंटचा. राखमिश्रित सिमेंट सुरुवातीला ताकद हळू धरतं, त्याला आणखी थांबायला हवं. पण प्लेटा भाड्याच्या. त्या जितक्या लवकर निघतील तितक्या लवकर दुसऱ्या घरावर चढतील. तिकडं कुणीतरी दुसरे आण्णा पैसे जमवून बसलेले असतात. सेंट्रिंगवाला आठव्या दिवशीच टेम्पो घेऊन दारात उभा. वहिनींनी त्याला चहा दिला आणि बीमला हात लावलास तर टेम्पो इथंच राहील, असं सांगितलं. त्यानं पाचव्या दिवसापासून फोन सुरू केले होते, हे मला नंतर कळलं.

प्लेटा निघाल्यावर छताचा तळ पहिल्यांदा दिसतो. गुळगुळीत, करडा, मध्येच एखाद्या वर्तमानपत्राची उलटी बातमी उमटलेली. एका खोलीत पंख्याचा डबा राहून गेला होता. वायरमन म्हणाला खोलीचं नाव सांगितलं नव्हतं, मिस्त्री म्हणाले नकाशात होतं, आण्णा म्हणाले नकाशा कुणी पाहिलाय. आता तिथं खिळे ठोकून हूक बसवावा लागणार.

राहायला गेल्यावर कळलं, की स्लॅबची खोली रात्री तापते. दिवसभर ऊन पिऊन अंधार पडल्यावर तो ते आत सोडतो. आईनं पहिल्या आठवड्यात आपली बाज परत जुन्या पत्र्याच्या सोप्यात हलवली आणि कुणी समजूत घातली तर ऐकून घेतलं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी वर चुना मारायचा किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा कोबा करायचा, असं ठरलं. पैसे फरकाच्या बिलातून. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, तेव्हा आण्णांनी मला फोन करून हिशेब विचारला. सव्वाशे पोत्यांवर आपले किती वाचले असते? मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “असू द्या. पावसात सापडलो असतो.”

कॉलमच्या सळया वरच्या मजल्यासाठी स्लॅबच्या वर तीन-तीन फूट सोडल्यात. थोरल्याचं लग्न झालं की वर दोन खोल्या. तोवर त्यांना सिमेंटचा राडा फासून ठेवायला मिस्त्रींनी सांगितलंय, ते अजून राहिलंय. जिन्यावरची खोलीही राहिलीय, त्यामुळं त्या पावसाळ्यात पाणी जिन्यावरून धो धो थेट माजघरात येत होतं. शेवटी जुन्या घराचे चार पत्रे काढून आण्णांनी ते जिन्याच्या तोंडावर टाकले आणि उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले.